साथीच्या काळात सरकारी रोख मदत लोकांपर्यंत कशी पोहोचवावी

साथीमुळे व्यवहार बंद पडले की रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरातील पैसा थोड्याच दिवसांत संपतो. त्यामुळे योजना आखताना मदत किती लवकर हातात पडेल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

हाताशी असलेल्या याद्यांपासून सुरुवात करावी. भारतात एप्रिल ते जून २०२० या काळात महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा करता आले, ते ही खाती आधीच उघडलेली होती म्हणून. परंतु स्थलांतरित मजूर, फेरीवाले, घरकामगार आणि नुकतेच काम गमावलेले लोक अशा याद्यांत बहुधा नसतात, आणि साथीचा फटका त्यांनाच जबर बसतो. त्यांच्यासाठी स्वतः नोंदणी करण्याची सोय पहिल्याच दिवसापासून हवी. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशात २०२०च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ‘नोव्हिसी’ योजनेत इंटरनेट नसलेल्या साध्या मोबाइलवरून, मतदार ओळखपत्राच्या आधारे नोंदणी होत असे आणि रक्कम मोबाइलवरील खात्यात जमा होई. ज्याच्याकडे फोन किंवा ओळखपत्र नाही, त्याच्यासाठी स्थानिक कार्यकर्त्याने घरी जाऊन अर्ज भरून घ्यावा. इंडोनेशियात गावनिधीतून दिलेल्या मदतीची यादी ग्रामसभेत चर्चा करून ठरवली गेली. शेजाऱ्यांना ठाऊक असलेली अडचण कागदावर क्वचितच दिसते, म्हणून ही पद्धत मला मोलाची वाटते. मात्र सभेत ज्यांचा आवाज दबतो, त्यांची नावे सुटली नाहीत ना, हे बाहेरच्या अधिकाऱ्याने तपासावे.

पात्रतेविषयी शंका असेल तर पहिला हप्ता द्यावा आणि पडताळणी नंतर करावी. अपात्र व्यक्तीला एक हप्ता गेल्याने होणारे नुकसान भरून निघते, उपाशी राहिलेल्या घराचे निघत नाही.

वाटपाच्या ठिकाणी गर्दी झाली तर मदतीतूनच संसर्ग पसरेल. भारतात खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार पैसे काढण्याचे दिवस ठरवून दिले होते. तरीही, पैसे लगेच काढले नाहीत तर सरकार ते परत घेईल, अशी अफवा पसरली. म्हणून रक्कम खात्यात सुरक्षित राहील, हे वेळापत्रकाबरोबरच लोकांच्या बोलीत, पुन्हा पुन्हा सांगावे.

अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे, दाद मागण्यासाठी मुदत व दूरध्वनी क्रमांक कळवावा आणि निर्णय पुढच्या हप्त्याआधी करावा, म्हणजे चुकून वगळलेल्या कुटुंबाला थकलेली रक्कम त्याच हप्त्यासोबत देता येईल.