इंग्लंडातली जुनी घरं, बागा आणि पाणथळ रानं: पाहुण्यांनो, या चुका टाळा

एप्रिल उजाडला की भारतातून याद्या यायला लागतात. व्हॉट्सॲपवर, क्वचित चक्क एक्सेलमध्ये. "शनिवारी चॅट्सवर्थ, तिथून केडल्स्टन, जाता जाता एखादं अभयारण्य, रात्री लंडनला परत." चॅट्सवर्थ आणि केडल्स्टन ही डर्बीशायरमधली दोन जुनी, महालासारखी घरं. नकाशावर ठिपके जवळजवळ दिसतात, कबूल. पण इतकी वर्षं पाहुणे फिरवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: इथल्या खेड्यापाड्यांतली ठिकाणं बघायची तर अंतर सगळ्यात शेवटी बघावं. आधी वार, मग वेळ, मग ऋतू, आणि समुद्राकाठी जाणार असाल तर भरती-ओहोटी.

दिवसात तीन ठिकाणं

बऱ्याच ठिकाणी बाग दहाला उघडते, घर मात्र अकराला. बंद होतं चार-पाचला, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या साधारण तासभर आधी. म्हणजे घर बघायला हातात जेमतेम चार-पाच तास. काही घरं आठवड्यातले एक-दोन दिवस बंद असतात. हिवाळ्यात तर कित्येक घरं महिनोन्‌महिने उघडत नाहीत, कारण तेव्हा गालिचे, झुंबरं, पुस्तकं यांची साफसफाई चालते. बाग तेवढी उघडी राहते. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा "संध्याकाळी बघू" असं काही नसतंच.

एकट्या चॅट्सवर्थची बागच 105 एकरांची आहे. तिला दीड तास देणाऱ्यांनी घरी बसून फोटो बघावेत, पेट्रोल तरी वाचेल. माझा रिवाज साधा आहे: एक दिवस, एक जागा. दार उघडताच घर, मग डबा, मग बाग. आधी जेवू म्हणणारे एक वाजता टीरूमच्या रांगेत सापडतात आणि बाहेर येईपर्यंत घराच्या दारात गर्दी झालेली असते.

एकच सभासद-कार्ड सगळीकडे चालतं

चालत नाही. जुनी घरं आणि निसर्ग जपणारी नॅशनल ट्रस्ट ही 1895 साली सुरू झालेली संस्था, जुन्या वास्तू सांभाळणारी इंग्लिश हेरिटेज वेगळी, पक्ष्यांसाठी काम करणारी आरएसपीबी तिसरी. चॅट्सवर्थ आणि ब्लेनम राजवाडा या तिघींपैकी कुणाकडेच नाहीत. स्टोनहेंजचे दगड इंग्लिश हेरिटेज सांभाळतं, भोवतालची बरीचशी जमीन नॅशनल ट्रस्टची. जिथे जायचं त्या जागेचं संकेतस्थळ आदल्या रात्री उघडा, एवढंच. आणि तिकिटाच्या खिडकीवर 'गिफ्ट एड' विचारलं तर पाहुण्यांनी नाही म्हणायचं. देणगीवर संस्थेला सरकारकडून थोडा कर परत मिळवून देणारी ती सोय ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे.

"अहो, दिवे लावा की!"

खोलीत शिरताच अर्ध्या पाहुण्यांची ही पहिली तक्रार असते, आणि दुसऱ्या क्षणाला मोबाइलचा टॉर्च सुरू. पडदे कंजूसपणामुळे ओढलेले नसतात. रेशीम, भरतकाम, जलरंग यांचा रंग उजेडाने उडतो आणि एकदा उडाला की परत येत नाही. म्हणून नाजूक वस्तूंवर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत. दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की डोळे सरावतात. ही दोन मिनिटं कुणालाच नको असतात.

डर्बीजवळच्या केडल्स्टन हॉलला हे फार जाणवतं. हे कर्झनचं घर, तोच 1905 साली बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय. तळमजल्यावर त्याने आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. 1903च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्याच्या बायकोने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही या घराच्या संग्रहात आहे. जरीचं काम भारतातल्या कारागिरांचं, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याच्या पंखाचा हिरवा तुकडा शिवलेला. आपली माणसं मात्र खांबांपुढे सेल्फी काढून बाहेर पडतात. दालनात बसलेल्या आजी-आजोबांशी बोला हो! ते बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि कुणी प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा उजळतो. या वस्तू इथे आल्या कशा, हेही खुशाल विचारा.

खुर्चीवर वाळकं काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं तर ते 'इथे बसू नका' असं सांगण्यासाठी असतं. आमच्या एका मावशींनी "कुणी कचरा टाकलाय बघ" म्हणत ते उचललं, पर्समध्ये टाकलं आणि अडीचशे वर्षांच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. स्वयंसेवक बाई इतक्या नम्रपणे पुढे आल्या की मावशींना वाटलं, चहा विचारतायत.

पाठीवरची सॅक पोटावर घ्या. टोकदार टाचांच्या चपला गाडीतच राहू द्या.

चुकीच्या महिन्यात फूल शोधणं

स्नोड्रॉप फेब्रुवारीत, ब्लूबेल एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत. मॉटिसफाँटच्या बागेतले जुन्या जातींचे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच, जूनमध्ये फुलतात. ऑगस्टमध्ये तिथे जाऊन "फोटोत तर वेगळं होतं" म्हणू नका. नॉर्थम्बरलँडच्या फार्न बेटांवरचे पफिन हे समुद्रपक्षीसुद्धा जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात.

ब्लूबेलच्या बाबतीत माझं डोकं खरंच फिरतं. निळ्या गालिच्यात मधोमध मांडी घालून फोटो काढायची हौस. पाय पडला की पानं चिरडतात, पानं गेली की कंदाला अन्न मिळत नाही, आणि तो पट्टा सावरायला कित्येक वर्षं लागतात. बाजूची पायवाट आधीच्या फोटोवाल्यांनी पाडलेली असते, ती वाट नव्हे. वाटेवरच गुडघ्यावर बसून कॅमेरा खाली धरा, फूल पुढे आणि माणूस मागे. फोटो तसाच येतो.

"रस्ता तर कोरडा आहे!"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर लिंडिसफार्न बेट आहे. तिथल्या छोट्या किल्ल्याला एडविन लटियन्सने राहत्या घराचं रूप दिलं, पुढे नवी दिल्ली उभारणारा तोच लटियन्स. किल्ला नॅशनल ट्रस्टचा, मठाचे अवशेष इंग्लिश हेरिटेजकडे, भोवतीचा चिखलपट्टा राष्ट्रीय निसर्ग राखीव. बेटावर जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचा तक्ता आधीच प्रसिद्ध होतो, रस्त्याच्या तोंडाशी पाटीही आहे. तरी दरवर्षी गाड्या बुडतात. वाटेत खांबांवर उभी एक खोली आहे, ती अडकलेल्यांना चढून बसायला बांधलीय. ती बघूनही कुणाला शहाणपण येत नाही.

साताऱ्याहून आलेले माझे दाजी भाड्याची गाडी चालवत होते. वाटेत कॉफीसाठी थांबले, मग मेंढ्यांचे फोटो काढले, आणि आम्ही पोचलो तोवर सुरक्षित वेळ उलटून वीस मिनिटं झाली होती. समोर रस्ता लखलखीत कोरडा.

"दोन मिनिटांचं काम आहे. कासच्या धुक्यात गाडी घातलीय मी," दाजी म्हणाले.

"दाजी, गाडी भाड्याची आहे, जीव आपले आहेत," मी म्हटलं आणि हँडब्रेक ओढला.

तेवढ्यात मागून एक गाडी आम्हाला ओलांडून झोकात पुढे गेली. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की काही बोलायची गरज नव्हती. थोड्या वेळाने तीच गाडी रिव्हर्समध्ये, चाकांच्या निम्म्यापर्यंत पाणी उडवत परत आली. इथे पाणी लाट होऊन समोरून येत नाही. दोन्ही बाजूंचा सपाट चिखल हळूहळू भरतो, आणि रस्ता सगळीकडे सारख्या उंचीचा नसल्यामुळे सखल भाग आधी बुडतो. तुम्ही उभे असता तिथलं डांबर तोवर कोरडंच दिसतं. पुढचे कित्येक तास आम्ही गाडीत धपाटे खात बसलो. दाजी शेवटपर्यंत "गेलो असतो" म्हणत राहिले.

भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात जाऊन आलेल्या मित्राचा सल्ला कुचकामी. मी तक्ता आधी बघते, भरदुपारी रस्ता मोकळा असेल असा दिवस निवडते आणि बंद व्हायच्या तासभर आधी बेट सोडते. जोराच्या वाऱ्याने पाणी लवकरही चढतं. शेवटच्या मिनिटापर्यंत ताणणाऱ्यांना मी आता गाडीत घेत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

अभयारण्यात दुपारी बारा वाजता जाऊन "पक्षी कुठायत?" विचारू नका. विकन फेन असो की मिन्समिअर, सकाळी लवकर जा, आणि लाकडी हाइडमध्ये (पक्षी बघायला लपून बसायच्या खोपटात) जमिनीच्या भावावर चर्चा नको.

गवतातून चाललात तर घरी येऊन पाय तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो.

कुरणातलं फाटक जसं मिळालं तसंच सोडा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

वासरं असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका. गोमातेला हात लावून नमस्कार करायचा मोह इथे आवरा.

दक्षिण किनाऱ्यावरच्या बर्लिंग गॅपच्या खडूच्या कड्यावर टोकाला उभं राहू नका, कड्याचे तुकडे कधीही ढासळतात.

माळावर डिस्पोजेबल बार्बेक्यू पेटवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रविवारची बस आहे असं गृहीत धरू नका. खेड्यात ती बहुधा नसतेच.

आणि पोस्टकोडवर विसंबू नका. खेड्यातला एक पोस्टकोड मैलभर पसरलेला असू शकतो, आणि सॅटनॅव्ह (गाडीतलं रस्ता दाखवणारं यंत्र) तुम्हाला मागच्या शेताच्या फाटकाशी नेऊन "पोहोचलात" असं सांगतं. वाहनतळाचा नकाशा घरूनच डाउनलोड करा, कारण त्या फाटकाशी मोबाइलला रेंज नसते. शेवटचे दोन मैल पर्यटनस्थळांकडे नेणाऱ्या तपकिरी पाट्यांच्या मागे जा.