जुनी फियाट फटाके मारते तेव्हा: आवाजावरून दोष कसा शोधावा

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, फटाके मारू लागली की पहिला हात जातो तो हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे. दोष असतो पॉइंटमध्ये (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रीब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क), आणि संध्याकाळपर्यंत कार्ब्युरेटरचं सेटिंगही गेलेलं असतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं हे १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे. आधी करंट, मग व्हॉल्व्ह आणि शेवटी पेट्रोल, असा क्रम ठेवला तर बहुतेक वेळा दोष घरच्या घरी सापडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. दोन एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आधी कान द्या

आवाज कार्ब्युरेटरमधून येतो की सायलेन्सरमधून, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. कार्ब्युरेटरमधून बॅक मारत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा ठिणगी भलत्याच वेळी पडतेय. सायलेन्सरमधला फटाका म्हणजे न जळलेलं पेट्रोल बाहेर जाऊन तिथे पेटतंय. एअर फिल्टर काढून इंजिन चालवताना चेहरा कार्ब्युरेटरच्या वर नेऊ नका, कारण तिथून खरोखर ज्वाळा येते. आग विझवायचं नळकांडं हाताशी असू द्या.

आवाज केव्हा येतो तेही महत्त्वाचं. सकाळी थंड इंजिनावर चोक लवकर बंद केल्यामुळे एखादा फटाका आला, तर तो दोष नाही. अर्ध्या तासाने इंजिन तापल्यावरच येत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) किंवा कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) यांच्यावर संशय घ्या. चढावर, भरल्या गाडीत येत असेल तर पेट्रोल पुरत नाही. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, ठरावीक लयीत फट्-फट् होत असेल तर एकाच सिलिंडरचा दोष आहे.

प्लग, वायरी आणि कॅप

तो सिलिंडर ओळखण्यासाठी इंजिन स्लोवर ठेवा आणि रबरी पकडीने प्लगची एकेक वायर काढा. जी काढल्यावर इंजिनाची चाल पडत नाही, तो सिलिंडर दोषी. नंतर चारही प्लग काढून ओळीने मांडा. फिकट तपकिरी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला प्लग म्हणजे ठिणगीच नाही, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. गॅप ०.६ मिमी ठेवा.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२ आहे. सर्व्हिसिंगनंतर लगेच फटाके सुरू झाले असतील तर दोन वायरींची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता सर्वाधिक. डिस्ट्रीब्युटरची कॅप आतून बघा. दोन खांबांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट शेजारच्या सिलिंडरला जातोय. ही कॅप घासून उपयोग नाही, बदलाच. पहिल्या पावसात अचानक सुरू झालेले फटाके मात्र नुसती कॅप कोरड्या फडक्याने पुसल्यावर थांबतात.

पॉइंट आणि कंडेन्सर

इथे घाई करू नका. इंजिन फिरवून पॉइंट पूर्ण उघडा आणि फिलर गेजने ०.४ ते ०.५ मिमी गॅप ठेवा. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ दिसलं, किंवा पॉइंटवर मोठी पिवळी ठिणगी उडत असली, तर कंडेन्सर संपला आहे. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदला. आता डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट बोटाने बाजूला हलवून बघा. तो डुलत असेल तर बुश झिजलाय. अशा वेळी गॅप कितीही लावा, दर फेरीला तो बदलणार.

टायमिंग

पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे जातं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. टायमिंग लेट झालं की जळण एक्झॉस्टपर्यंत लांबतं, इंजिन तापतं आणि सायलेन्सर फटाके मारतो.

प्लग काढून, गाडी टॉप गियरमध्ये ढकलत पहिल्या सिलिंडरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक आणा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की हवा जोरात ढकलते, तो कॉम्प्रेशन. पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर जुळवा. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प डिस्ट्रीब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला आणि बॉडीला जोडून चावी ऑन करा. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रीब्युटर रोटर (कॅपखालचा फिरणारा भाग) फिरतो त्या दिशेने फिरवा, लॅम्प विझेल. मग उलट दिशेने हळूहळू आणा. लॅम्प लागला त्या क्षणी पॉइंट उघडला. तिथेच क्लॅम्प आवळा.

व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन

टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा रॉकर यांच्यातली फट) थंड इंजिनावर, मॅन्युअलच्या मापाने लावा. टॅपेटचा आवाज बंद व्हावा म्हणून गॅप मुद्दाम घट्ट ठेवायची सवय वाईट. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजताना चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा. सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी असले तर हेड गॅसकेट. कॉम्प्रेशन ठीक असूनही एकाच सिलिंडरमुळे कार्ब्युरेटर बॅक मारत असेल तर टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह किती उघडतात ते मोजा. कॅमशाफ्टचा एक्झॉस्ट लोब झिजला की जळका वायू आतच अडकतो आणि इनटेक उघडताच कार्ब्युरेटरमध्ये उसळतो. हा दोष महिनोन्‌महिने चकवतो.

आता कार्ब्युरेटर

कार्ब्युरेटरच्या बुडाच्या आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर साबणाचं पाणी शिंपडा. स्लो बदलला तर तिथून हवा शिरतेय. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर मारू नका. इंजिन बंद ठेवून, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची सलग धार दिसली नाही तर कार्ब्युरेटरमधल्या ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम किंवा जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) बघा. पाय दाबताक्षणी येणारा फटाका बहुधा इथलाच. जेट हवेच्या झोताने साफ करा, तारेने खरवडू नका. चढावर फटाके येत असतील तर टाकीचं झाकण सैल करून चालवा. त्याने थांबले तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण १३.५. म्हणजे जुन्याच जेटवर ई-२० चालवलं की पेट्रोल कमी पडतं. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात भोक सांगतो, १२० म्हणजे १.२० मिमी. वरचं सगळं तपासून झाल्यावरच मेन जेट एक पायरी मोठा लावा आणि प्लग पुन्हा बघा. इथेनॉलने जुने रबरी पाइप मऊ पडतात, तेही याच वेळी बदला.

सायलेन्सर

घाट उतरताना पाय सोडल्यावरच फटाके येत असतील तर मॅनिफोल्ड आणि पाइपचे जोड तपासा. थंड इंजिन चालू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा, गळका जोड फुसफुसतो. जोड घट्ट असूनही उतारावर अधूनमधून बारीक पॉप येत असेल, तर ते कार्ब्युरेटरच्या गाडीत चालायचंच.