नेहमीच्या कोनांच्या त्रिकोणमितीय गुणोत्तरांच्या अचूक किमती: परीक्षेआधीची तयारी

०°, ३०°, ४५°, ६०° आणि ९०° या कोनांचा तक्ता दहावी-अकरावीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. पण साइन ३०° आणि कोसाइन ३०° यांपैकी १/२ कोणते आणि √३/२ कोणते, असे अवचित विचारले की तोच तक्ता डळमळतो. म्हणून तयारीची सुरुवात तक्त्यापासून करू नये. कोरा कागद, पट्टी आणि कंपास घेऊन बसावे आणि कॅल्क्युलेटर तूर्त दप्तरातच राहू द्यावा.

पहिली आकृती २ एकक बाजूच्या समभुज त्रिकोणाची काढावी. बाजू २ घेण्यात सोय एवढीच की शिरोलंब टाकल्यावर पायाचा अर्धा भाग १ येतो आणि अपूर्णांक टळतो. पायथागोरसच्या प्रमेयाने शिरोलंबाची लांबी √(४ − १), म्हणजे √३ मिळते. त्यातल्या एका काटकोन त्रिकोणात कर्ण २, ३०° समोरची बाजू १ आणि ६०° समोरची √३ आहे, हे आकृतीवरच लिहून ठेवावे. लहान कोनासमोर लहान बाजू असते एवढे ध्यानात राहिले, तर साइन ३०° म्हणजे १/२ आणि साइन ६०° म्हणजे √३/२, यात गोंधळ होण्याचे कारण उरत नाही. परिघाच्या सहाव्या भागाची जीवा त्रिज्येएवढी असते, असे आर्यभटाने म्हटले आहे, ते याच त्रिकोणाचे वर्तुळातले रूप होय. त्याच्या ज्यासारणीत (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) त्रिज्या ३४३८ धरलेली असून २२५, २२४, २२२ असे पहिले आठ फरक मिळवत गेले की ३०° ची ज्या १७१९ येते, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मी. ४५° ला मात्र २४३१ ही आसन्न किंमत मिळते, कारण तिथे √२ ही अपरिमेय संख्या आड येते.

ती √२ येते कुठून, हे दुसऱ्या आकृतीत दिसते. १ एकक बाजूंचा समद्विभुज काटकोन त्रिकोण काढला की कर्ण √२ येतो आणि टॅन ४५° ची किंमत १ आहे हे नुसत्या नजरेने कळते. उत्तरात १/√२ लिहिले तरी ते बरोबरच असते, मात्र छेदाचे परिमेयीकरण करून √२/२ लिहिण्याची सवय पुढच्या बेरजा-वजाबाक्यांसाठी आतापासूनच लावून घ्यावी.

०° आणि ९०° या कोनांसाठी त्रिकोण पुरत नाही. तिथे एकक वर्तुळ काढून (१, ०) आणि (०, १) हे बिंदू दाखवावेत. टॅन ९०° पुढे शून्य किंवा अनंत असे काही न लिहिता ‘अव्याख्यात’ असे लिहावे, कारण तिथे छेदातला कोसाइन शून्य होतो.

सर्वांत जास्त वेळ ९०° च्या पुढच्या कोनांना द्यावा, कारण बहुतेक गुण तिथेच जातात. संदर्भ कोन नेहमी क्ष-अक्षापासून मोजायचा असतो. १२०° म्हणजे ९०° अधिक ३०° अशी फोड करून साइनची किंमत १/२ लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. तो कोन १८०° पासून ६०° मागे आहे, म्हणून संदर्भ कोन ६०° आणि साइन १२०° ची किंमत √३/२. याच रीतीने २१०° हा कोन १८०° च्या पुढे ३०° म्हणजे तिसऱ्या चरणात पडतो, तिथे क्ष आणि य दोन्ही ऋण असतात, म्हणून कोसाइन −√३/२ आणि टॅन धन १/√३ येतो. आधी चरण, मग चिन्ह आणि शेवटी किंमत, हा क्रम मोडू नये.

१५° आणि ७५° अभ्यासक्रमात असतील तर बेरजेची सूत्रे लागतात. साइन ७५° म्हणजे साइन ४५° अधिक साइन ३०° नव्हे; ती बेरीज १.२ च्या वर जाते आणि साइन १ च्या वर जाऊच शकत नाही. खरे उत्तर (√६ + √२)/४ आहे. टॅन १५° मात्र पहिल्याच आकृतीतून निघतो: √३ लांबीची बाजू ३०° च्या शिरोबिंदूपलीकडे कर्णाएवढी, म्हणजे २ एकक वाढवली की समद्विभुज त्रिकोण तयार होऊन टोकाशी १५° चा कोन येतो आणि १/(२ + √३) चे परिमेयीकरण केल्यावर २ − √३ मिळते.

‘अचूक किंमत’ मागितली असता ०.८६६ लिहू नये. त्याच्या वर्गात ०.२५ मिळवले तर ०.९९९९५६ येते, १ नाही. कॅल्क्युलेटर पडताळ्यासाठी शेवटी काढावा आणि तो अंशांवर लावला आहे की रेडियनवर, हे आधी पाहावे. रेडियनवर असल्यास साइन ३० ला तो सुमारे −०.९८८ दाखवतो, आणि बरोबर उत्तर खोडून त्या जागी हा आकडा लिहिणारेही असतात.