पाणी जातंय, पण दिसत नाही

आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा कोर्स एका वर्षात संपतो. इंजिन कसं खोलायचं ते तिथं शिकवतात. कधी खोलायचं नाही, हे मला पलूसजवळच्या एका गॅरेजात कळलं, तेही ऐन हंगामात एका ऊसवाल्याचे तीन दिवस वाया घालवून.

डिसेंबर होता. कारखाने चालू, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर घेऊन एक तात्या आले. म्हणाले, "रोज दीड लिटर पाणी पितोय आणि खाली थेंब न्हाई." मिस्त्री पाहुण्यांकडं गेलेले. मी गणित मांडलं: थेंब नाही म्हणजे पाणी आत जातंय, आत जातंय म्हणजे हेड पॅकिंग (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सील) गेलं. संध्याकाळपर्यंत हेड खाली उतरवलं. पॅकिंग शाबूत! दोन सिलिंडरांच्या मधली पट्टीसुद्धा धड.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. खोललेल्या हेडकडं त्यांनी पाहिलंही नाही. तात्यांना चहा दिला आणि विचारलं, "ह्याआधी काय काम निघालं होतं?"

"सेल्फ. दिवाळीत खोलला, आत नुसता गंज. महिन्यानं परत तेच." सेल्फ म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर.

मिस्त्री माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "हे इचारलंस का लेका?"

नवं पॅकिंग घालून हेड परत बसवलं. आता पाण्यावर दाब देऊन बघायचं होतं. आमच्याकडं त्यासाठी एक जुगाड आहे: रेडिएटरच्या जुन्या टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळलेला, त्याला मीटरचा पायपंप. हवा भरायची ती टोपणावर आकडा असेल तेवढीच. ०.९ (बार) लिहिलं असेल तर साधारण १३ पौंड. जास्त भरली तर जुना रेडिएटर फाटतो आणि नवीन गळती आपणच तयार करतो. इंजिन थंड, खाली कोरडा पेपर अंथरलेला, आणि रात्रभर वाट. सकाळी काटा उतरलेला, सेल्फच्या मागं पेपर ओला. सेल्फ काढल्यावर ब्लॉकच्या भिंतीतलं पत्र्याचं गोल बूच दिसलं. गंजलेलं, सुईनं टोचावं एवढं छिद्र. इंजिन चालताना तिथून निघणारं पाणी तापलेल्या ब्लॉकवर पसरून वाळायचं, उरलंसुरलं सेल्फमध्ये झिरपायचं. जमिनीपर्यंत थेंब पोचणार कसा?

त्या दिवसापासून मी आधी मालकाशी बोलतो. पाणी कधी कमी होतं, उभ्या गाडीत की ओढताना? सकाळी गार असताना गळतं आणि तापल्यावर थांबतं, असं असेल तर होज पाईपची क्लिप बघायची. रबर गार पडून आकसलं की फट पडते. मग हातातली टॉर्च घेऊन सगळीकडं वाळलेला डाग शोधायचा. कुलंट घातलेलं असेल तर हिरवट, नुसतं पाणी असेल तर पांढरी खपली. वॉटर पंपाच्या अंगाला खालून एक बारीक भोक असतं. आतला सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं, म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथं ओल दिसली तर पंप काढायचा. काही नवे गडी ते भोकच एमसील लावून बुजवतात. मग बेअरिंग जातं, आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला की मोठा खर्च.

बाहेर काहीच सापडलं नाही, तरच आत संशय. रात्रभर उभ्या इंजिनाच्या चेंबरचं, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीचं, बूच सकाळी हळूच सैल करायचं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळं ते आधी येतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला म्हणून घाबरू नका, कमी चालणाऱ्या गाडीत दमटपणानंही तो येतो. हेड पॅकिंगसाठी गार इंजिनात पाणी काठोकाठ भरायचं, पंख्याचा बेल्ट काढायचा आणि मिनिटभर चालवायचं. बुडबुडे थांबत नसतील तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. बुडबुडे नाहीत पण चेंबरात पाणी आहे, तर लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) खालच्या ओ रिंगा, म्हणजे रबरी कड्या, डोळ्यांपुढं आणायच्या. चेंबर उतरवून वरून दाब द्यायचा आणि खालून बघायचं, कुठल्या लायनरला घाम येतोय ते. आणि सेल्फ मारला, इंजिन अर्ध्यात अडकलं, तर परत मारायचा नाही. पिस्टनवर पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढा.

गरम इंजिनाचं टोपण उघडायचं नाही, हे सगळे सांगतात. का ते कमी जण सांगतात. ०.९ च्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. टोपण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उसळतं. माझ्या मनगटावर डाग आहे.

आमच्याकडं कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड होत चाललेल्या, बोअरचं पाणीही तसंच. तेच बादलीनं रेडिएटरमध्ये जातं. तात्यांचं बूच आतूनच कुजलेलं होतं, शेजारचं दुसरंही ठोकल्यावर बसकं वाजलं. मिस्त्रींनी दोन्ही बदलली, खाचा पॉलिश पेपरनं घासून पितळी बुचं बसवली, कुलंट भरलं. हेड पॅकिंगचे पैसे बिलात लावले नाहीत, माझ्या पगारातून कापले.

जाताना तात्यांनी किल्ली फिरवली, सेल्फ एका झटक्यात फिरला. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरा, आता तिसऱ्यांदा सेल्फ खोलायचा न्हाई ना?"