चाळीस घरांची भाजी

इंदूरजवळ राऊच्या पुढे एक बिघा जमीन ठेक्याने घेऊन मी भाजी लावते आणि शहरात घरोघरी देते, त्याला आता सहावं वर्ष चालू आहे. बिघा म्हणजे तिकडच्या हिशेबाने साधारण अर्धा-पाऊण एकर. त्याआधी पीथमपूरला एका कारखान्यात हिशेब लिहायचं काम करत होते. तुम्हीही नोकरी सोडून असं काही करायचं म्हणत असाल, तर वाफा कसा करायचा, पाणी किती द्यायचं हे तुम्ही वाचलेलं असणारच, त्यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते पेरणीच्या तारखांबद्दल. माझं पहिलं वर्ष तिथेच बुडालं आणि दुसरंही बुडता बुडता राहिलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पहिल्या वर्षी दिवाळी उरकली आणि दोन दिवसांत मेथीचे १० वाफे पेरून टाकले. वाफा ३ फूट रुंद, ३० फूट लांब. जमीन तयार, बी घरात, मजूर मिळालेले, मग थांबायचं कशाला? उगवण अशी सुंदर झाली की मी रोज संध्याकाळी नुसती बघत उभी राहायची. महिन्याभराने दहाही वाफे एकदम काढणीला आले. एका वाफ्यातून पन्नासेक जुड्या, म्हणजे एकूण ५००, आणि माझी गिऱ्हाइकं १३ घरं. मेथी थांबत नाही. थंडीतसुद्धा आठ-दहा दिवस धीर धरते, मग काडी जून होते, फूल दिसायला लागतं. उरलेली मंडीत नेली. त्या आठवड्यात अख्ख्या माळव्याची मेथी मंडीत असते, कारण सगळ्यांनीच दिवाळीनंतर पेरलेली असते. जुडीला दीड रुपया मिळाला. बांधणावळ आणि टेम्पोचं भाडं धरलं तर पदरचेच पैसे गेले. शेवटचे ३ वाफे मी मातीत गाडले.

आता हिशेब नीट बघा, घाई करू नका. समजा ४० घरं, प्रत्येकी आठवड्याला मेथीची १ जुडी. म्हणजे ४० जुड्या. १० तुटक्या, पिवळ्या पानांच्या, धरा ५०. म्हणजेच आठवड्याला १ वाफा. जमीन मोकळी दिसली म्हणून दुसरा पेरलात तर ती मेथी कोण खाणार, ते बी टाकायच्या आधी सांगता आलं पाहिजे. आधी घरं मोजा, मग वाफे.

हे कळल्यावर दुसऱ्या वर्षी नेमाने दर रविवारी एकच वाफा पेरला. आणि तरीही फसले. हा सापळा मला कोणी सांगितला नव्हता, म्हणून जरा लांबण लावते. ऑक्टोबरच्या मध्याला पेरलेली मेथी माझ्याकडे २५ दिवसांत निघाली. नोव्हेंबरच्या मध्याची ३२ दिवसांत. १० डिसेंबरची निघायला ४० दिवस लागले, कारण इथल्या रात्री तोवर गारठलेल्या असतात आणि पीक जागच्या जागी उभं राहतं. म्हणजे मी पेरत होते सात-सात दिवसांनी, पण वाफे तयार होत होते नऊ-नऊ दिवसांनी. दर खेपेला दोन दिवसांची तूट साठत गेली आणि जानेवारीत, ऐन भोगीच्या तोंडावर, एक आठवडा असा आला की शेतात काढायला काहीच नाही. फेब्रुवारीत बरोबर उलटं. ऊन तापायला लागलं की मागून पेरलेलं पुढच्याला गाठतं आणि दोन वाफे एकदम अंगावर येतात.

त्या रिकाम्या आठवड्यानंतर लोकमान्य नगरच्या एका काकूंनी दार अर्धंच उघडलं. "अगं, तू आली नाहीस, मग मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतली. आता त्याच्याचकडून घेते, तो चुकत नाही." रागावून नाही बोलल्या, म्हणून जास्त लागलं. त्या हिवाळ्यात अशी ७ घरं गेली.

आता मी ऑक्टोबरात सात दिवसांनी, नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाच दिवसांनी आणि जानेवारीत आठ-नऊ दिवसांनी पेरते. पालक, कोथिंबीर, मुळा, सगळ्यांना हाच न्याय, फक्त दिवस ज्याचे त्याचे. माझे आकडे उतरवून घेऊ नका. एक वही करा: पेरणीची तारीख आणि पहिल्या काढणीची तारीख, बस. पहिला हिवाळा ती नुसती लिहायची, दुसऱ्या हिवाळ्यापासून ती तुम्हाला सांगायला लागते. आणि तोवर नोकरी सोडू नका. कोणी कितीही भरीला घातलं तरी सोडू नका.

घाबरवायचा हेतू नाही. एक वाफा फसला तर तीनशे रुपयांचं दुःख, महिन्यात दुसरं पीक उभं राहतं. गव्हा-सोयाबीनवाल्याला ही सवलत नाही.

रविवारी पेरायचं तर त्या दिवशी वाफसा हवा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, आणि आपली काळी माती रविवार ओळखत नाही. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर कुदळ घ्या. नुसता चपटा होऊन पडला तर घरी जा, नाहीतर अशी ढेकळं होतील की दोन महिने फुटणार नाहीत. म्हणून वाफे पावसाच्या आधीच करून ठेवायचे आणि त्यावर पाय कधीच द्यायचा नाही. माझे वाफे कायमचे आहेत.

खताच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पोत्यातली चमत्कारी पावडर विकणाऱ्याला फाटकाबाहेर ठेवा. ज्या शहरात आपण राहतो तिथेच इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात होते. काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, पाणी मारून, तीनदा उलटवून तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत त्यांनी इथे बसवली, आणि १९३१ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. उलटवायचा कंटाळा करून मी एकदा कच्चं शेण घातलं, तेव्हा वाळवी आणि तण, दोन्ही भरभरून उगवलं.

गुरूही असाच पारखून घ्या. एका बिघ्यात लाखोंची स्वप्नं दाखवणाऱ्या शिबिराला मी पैसे भरले होते, तिथे नुकसानीचं पान कोणी उघडलं नाही. शेजारच्या शेतातल्या दादांनी मला पहिल्याच दिवशी त्यांची बुडालेली कोबी दाखवली. त्यांचंच ऐकते.

गिऱ्हाईक कसं टिकतं? पोहेवाला धरा. इंदुरात पोह्यांवर कोथिंबीर बारा महिने लागते आणि त्याला जुडी बांधूनही नको असते. फक्त पहाटे पाचला पोचली पाहिजे. पावसाळ्यात कोथिंबीर सडते, म्हणून तेव्हाच तिला भाव असतो. उंच वाफा, वर हिरवी जाळी, आणि धने रगडून दोन फाळी करून रात्रभर भिजवलेले, एवढं सांभाळलं तर ती निघते. घरांसाठी मात्र सणांचं पंचांग बघा. रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांना शेपू, चाकवत, अळू, लाल माठ मनापासून हवा असतो, आणि हवा असतो तो ठरलेल्या दिवशी. अळूचे कंद मी पावसाआधी लावते, माठ ऋषीपंचमीच्या महिनाभर आधी पेरते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी त्याच काकूंचा फोन आला. ऋषीच्या भाजीला अळू, माठ मिळेल का, आणि मग जरा थांबून, "बैलाचं नाही ना गं?"

"नाही काकू," मी म्हटलं, "सगळे वाफे कुदळीने खणलेत. किती जुड्या आणू?"