ट्रॅकमध्ये तडतड येतेय? या चुका टाळा

कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेलं गाणं छान वाजत असतं आणि मधेच 'तड्', मग पुन्हा 'तडतड'. हा आवाज आला की बहुतेक जण लगेच बफर साइज (कॉम्प्युटर एका खेपेला किती आवाज हाताळतो तो आकडा) बदलतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, आणि तरी थांबलं नाही तर नव्या ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीच्या) किमती बघू लागतात. मीही बरीच वर्षं हेच केलं. त्याआधी एक प्रश्न सोडवायचा असतो: तडतड फाइलमध्ये आहे, की फक्त वाजताना येतेय?

ओळखायला दोन मिनिटं पुरतात. जिथे तडतड येते तेवढी दोन-चार आवर्तनं वेव्ह फाइल म्हणून एक्सपोर्ट करा आणि साध्या प्लेअरमध्ये ऐका. एक्सपोर्ट करताना कॉम्प्युटरला घाई नसते, एका सेकंदाच्या आवाजाला तीन सेकंद लागले तरी चालतात. त्यामुळे एक्सपोर्ट स्वच्छ आला, तर दोष बफर, ड्रायव्हर किंवा प्रोसेसरकडे शोधा. तडतड जशीच्या तशी आली, तर ती आवाजातच बसली आहे आणि बफर कितीही वाढवला तरी जाणार नाही. अजून एक खूण: आवाजातली तडतड दर वेळी त्याच मात्रेवर येते, प्रोसेसरची तडतड जागा बदलत राहते.

हे ऐकताना टाळ-चिपळ्यांचा ट्रॅक बंद ठेवा. त्यांच्या झणत्कारात बारीक तडतड सहज लपते. तानपुऱ्याच्या अखंड सुरावर मात्र एवढासा ओरखडाही कानाला टोचतो.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. हेडफोनमध्ये तडतड येत असताना 'ऐकतानाच येतेय, फाइल ठीक असेल' असं धरून रेकॉर्डिंग चालू ठेवणं. एका बुवांचा अभंग मी असाच घेतला. बुवांना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ नये म्हणून बफर ६४ सॅम्पलवर ठेवला होता (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक बारीक मोजमाप, सेकंदाला अशी हजारो घेतली जातात). त्यांनी पहिल्याच टेकमध्ये असा अंतरा गायला की खोलीतलं कुणी हललं नाही. रात्री फाइल उघडली, पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट मोठी करून पाहिली. गोल वळणं घेत जाणारी रेघ चार ठिकाणी तुटून सरळ उभी खाली पडली होती. तिथले सॅम्पल कॉम्प्युटरने वेळेत उचललेच नव्हते. जे उचललंच गेलं नाही, ते कुठल्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) परत येत नाही. रिपेअरची साधनं अशा फटी अंदाजाने बुजवतात, पण आलापात ते कळतं. बुवांनी आठवड्याने पुन्हा गाऊन दिलं, मनापासून दिलं. त्या पहिल्या टेकची हळहळ मला अजून आहे.

हे टाळता आलं असतं. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण किंवा नॉब असतो. तो वापरला की गायकाचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये जातो, उशीर जवळपास जाणवत नाही. मग बफर ५१२ ठेवला तरी गायकाला काही फरक पडत नाही. फक्त सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

बफर म्हणजे कॉम्प्युटरला प्रत्येक खेपेला मिळणारी मुदत. ४४,१०० सॅम्पल रेटवर (सेकंदाला इतके सॅम्पल) ६४ सॅम्पल म्हणजे जेमतेम दीड मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८ आणि १०२४ म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकचं गणित पुरं झालं नाही की आवाजाला फट पडते, तीच तडतड. मिक्सिंगला कुणी लाइव्ह वाजवत नसतं, तेव्हा १०२४ बिनधास्त ठेवा. सेशन ९६,००० वर नेलं तर तोच बफर निम्म्याहून कमी वेळ देतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

'टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २५ टक्केच दिसतोय, मग तडतड का?' हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. टास्क मॅनेजर सगळ्या कोअरची सरासरी दाखवतो. पण एका चॅनेलवर ओळीने लावलेले प्लगइन सहसा एकाच कोअरवर चालतात, कारण प्रत्येकाला आधीच्याचं काम संपायची वाट बघावी लागते. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनेलवर, लिनिअर फेज इक्वलायझर, ओव्हरसॅम्पलिंग चालू असलेला लिमिटर असे जड प्लगइन आणि वर आणखी दोन प्लगइन लावले की तो एक कोअर दमतो, बाकीचे रिकामे बसतात. म्हणून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं स्वतःचं मीटर बघा: रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर, एबलटनमध्ये वरचं सीपीयू मीटर. मास्टरची साखळी बंद केल्यावर तडतड थांबली, तर कारण सापडलं. जड सॉफ्टवेअर-वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते तयार आवाजात बदलून ठेवा, मास्टरचे जड प्लगइन शेवटी लावा.

विंडोजवर इंटरफेससोबत आलेला स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराने आवाज पोचवणारा) ड्रायव्हर निवडा. तो असताना एएसआयओफॉरऑल हा सर्वसाधारण पर्यायी ड्रायव्हर घालायची गरज नसते. तरीही अधूनमधून तडतड आली तर लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालू ठेवा, अडवणूक करणाऱ्या ड्रायव्हरचं नाव ते दाखवतं. बऱ्याचदा तो वाय-फायचा निघतो. काम करताना वाय-फाय बंद ठेवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सेटिंग) बंद करा आणि इंटरफेस हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपला जोडा. एप्रिल-मे महिन्यांत लॅपटॉप गादीवर ठेवून मिक्स करू नका. तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, आणि सकाळी सुरळीत चाललेला प्रोजेक्ट दुपारी तडतडतो.

सॅम्पल रेट जुळत नसेल तर कधी तडतड येते, कधी सूरच हलतो. ४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाजली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरतो. काळी दोनमध्ये गायलेलं गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जुळेना, तर आधी इथे बघा. सॉफ्टवेअर, इंटरफेस आणि विंडोजची साउंड सेटिंग, तिन्हीकडे एकच आकडा हवा.

एक्सपोर्टमध्येही तडतड राहिली तर लाट मोठी करून पाहा. माथा कापून पठार झालेलं दिसलं, तर ते क्लिपिंग, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेल्याने कापला गेला. ढोलकीच्या थापेवर हे हमखास होतं, कारण लेव्हल लावताना वादक हात राखून वाजवतो आणि टेकमध्ये रंगात येतो. २४ बिटवर रेकॉर्ड करताना सर्वांत जोराची थाप उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. नंतर आवाज वाढवता येतो, कापलेला माथा नीट परत येत नाही. दोन तुकड्यांच्या जोडाच्या जागी 'टक्' येत असेल, तर तिथे पाचेक मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत जाताना दुसरा हळूच चढू द्या. केबल हलवल्यावर खरखर होत असेल, तर केबल बदला.

एवढं करूनही थांबलं नाही, तर नवा रिकामा प्रोजेक्ट उघडा. एकच ट्रॅक, त्यावर तानपुरा, एकही प्लगइन नाही, बफर ५१२. तो दहा मिनिटं वाजू द्या. स्वच्छ वाजला, तर मूळ प्रोजेक्टमध्ये एकेक ट्रॅक बंद करत जा. तिथेही तडतडला, तर इंटरफेस दुसऱ्याच्या लॅपटॉपला, दुसऱ्या यूएसबी केबलने जोडून हेच पुन्हा करा. तिथेही तोच ओरखडा आला, तर बिल शोधून वॉरंटीसाठी दुकानात न्या.