अनंत चतुर्दशी ते मार्गशीर्ष: लग्नघरातल्या मंडळींची वजनाची आणि रूपाची तयारी

मार्गशीर्षात घरात लग्न असेल, तर गणपती विसर्जनानंतर हाताशी सुमारे बारा आठवडे उरतात. तोवर कार्यालयाची अनामत भरून झालेली असते, आचारी ठरलेला असतो, आणि एखाद्या संध्याकाळी कोणीतरी आरशासमोर उभे राहून म्हणते, की या वेळी फोटोत तरी जरा बरे दिसायला हवे. ही यादी त्या व्यक्तीसाठी आहे. मग ती नवरी असो, नवरीची आई असो, किंवा सुटाचे बटण लागेनासे झालेले काका असोत. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर या तयारीत क्रमाला फार महत्त्व आहे. वजनाचे काम आधी, दात, केस आणि त्वचा यांचे मधल्या काळात आणि शिवणकाम सर्वांत शेवटी, असे ठेवावे. हा क्रम उलटला की तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते आणि पैसेही दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

पितृपक्षात लग्नाची खरेदी निघत नाही, त्यामुळे ते पंधरा दिवस तपासण्यांना आणि मोजमापाला मोकळे मिळतात. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉइड आणि रक्तदाब एवढे तरी पाहून घ्यावे, कारण थायरॉइड मंदावलेला असेल किंवा रक्तच कमी असेल, तर केवळ जेवण कमी करून थकवा तेवढा वाढतो. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क झाले आहेत. तेव्हा खासगी प्रयोगशाळेचे ‘पॅकेज’ घेण्यापूर्वी तिथे चौकशी करावी. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये, कारण औषध तेवढेच आणि अन्न कमी, असे झाले की साखर एकाएकी उतरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याचा बेत या लग्नापुरता सोडून द्यावा आणि थेट कपड्यांच्या भागाकडे वळावे.

मोजमापासाठी शिवणाच्या डब्यातली टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडून घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा मानली जाते, आणि वजनाच्या काट्यापेक्षा हा आकडा अधिक बोलका असतो. वजनाच्या बाबतीत आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स (किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे गेला की जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठ असे धरतात. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी हे आकडे साधारण ५५ आणि ६० किलो होतात. त्यांच्या आत असलेल्या मुलीने केवळ नवरी आहे म्हणून आणखी वाळण्याचे कारण नाही. काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी उभे राहावे, कारण अंगातल्या पाण्यामुळे किलो-दीड किलोचा फरक रोजच्या रोज दिसू शकतो आणि त्याने विनाकारण धीर खचतो.

आठवड्याला अर्धा किलो ही गती सुरक्षित समजतात. त्या हिशेबाने बारा आठवड्यांत सहा किलो होतात; दिवाळी आणि केळवणे त्यातून वजा केली, तर चार किलो हाती लागले तरी पुष्कळ मानावे. पंधरा दिवसांत आठ किलोंची हमी देणाऱ्या जाहिराती मी वाचत नाही, पण एकदा त्यांच्या वाटेने गेले आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी तीन महिने मी वीस दिवस नुसते सूप, काकडी आणि पाण्यात कालवायची एक महागडी पूड यांवर काढले. वजन उतरले, कौतुकही झाले. मग लग्नाच्या पंधरवड्यात रोज सकाळी कंगव्यात बोटाला गुंडाळता येईल एवढा केसांचा पुंजका येऊ लागला, आणि सीमांतपूजनाच्या दिवशी माझ्या अंबाड्यात गंगावन भरूनही अबोलीचा गजरा ठरेना. शेवटी मावशीने चार आकडे एकावर एक खोचून तो कसाबसा अडकवला. उपासमारीनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केस असे गळतात, हे मला पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. म्हणजे अनंत चतुर्दशीला केलेल्या घाईचे बिल नेमके मार्गशीर्षात येते. फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. दिवसाला हजार कॅलरींच्या खाली जाणारा कोणताही आहार स्वतःच्या मनाने करू नये, आणि वजन उतरवणारी इंजेक्शने तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मुळीच घेऊ नयेत.

आता किराण्याच्या यादीकडे वळावे, कारण पैसा आणि वजन दोन्ही तिथेच वाचतात. आठवड्याला अर्धा किलो उतरायचा, तर रोज साधारण साडेपाचशे कॅलरींची तूट पडावी लागते, आणि ती एका जेवणावर काट मारून पाडण्यापेक्षा चार ठिकाणांहून थोडी थोडी काढलेली बरी. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम पडते. एक तारखेला तीनच लिटर तेल बरणीत काढावे आणि महिना त्यातच निभवावा. माणशी सात-आठ ग्रॅम, म्हणजे सुमारे सत्तर कॅलरी, तिथेच कमी होतात आणि लिटरभर तेलाचे पैसे वाचतात. चमच्याने मोजण्याचे मनावर घेऊन फोडणीच्या वेळी हात सैल सोडणाऱ्यांना (मी त्यांतलीच) बरणीची ही युक्ती अधिक लागू पडते, कारण महिनाअखेरीस बरणीचा तळ दिसतोच. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी होतात. दोन कप आणि एकेक चमचा केला, तर त्यातल्या १२० सुटतात. टीव्हीसमोरचे मूठभर फरसाण साधारण दीडशेचे असते. ते डब्यातच ठेवायचे ठरवले तर ठरत नाही, म्हणून ते यादीतच लिहू नये. उरलेली तूट रात्रीची एक पोळी आणि पाऊण तासाचे चालणे मिळून भरून काढतात.

जे वाढवायचे आहे, तेही यादीतच येते. सोयाबीन वड्या, मटकी, हरभरे, मसूर, अंडी आणि घरी विरजलेले दही यांतून स्वस्तात प्रथिने मिळतात; सोयाबीन वड्यांच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम, कोरड्या डाळींत २२ ते २४ आणि एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज निदान पाऊण-एक ग्रॅम प्रथिने पोटात गेली नाहीत, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि चेहरा बारीक दिसण्याऐवजी ओढल्यासारखा दिसतो. भाकरीचा हल्ली फार गवगवा आहे. ज्वारी पोटभरीची असते, तिला तेल लागत नाही, हे खरे. पण वजनाला वजन पीठ घेतले, तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या कॅलरींत फारसा फरक नाही, तेव्हा भाकरी म्हणून दोनाच्या तीन खाऊ नयेत. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीने भरावे, आणि त्यासाठी ब्रोकोलीच्या मागे न लागता मेथी, पालक, दुधी, दोडका, मुळा, कोबी असे जे मंडईत संध्याकाळी स्वस्त होते ते आणावे.

व्यायामाला वर्गणीची गरज नाही. आठवड्यात दीडशे मिनिटे तरी भरभर चालावे, आणि दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे, जिना चढणे, असे स्नायूंना कामाला लावणारे काही करावे. गुडघे दुखत असतील तर जिना वगळावा.

घटस्थापनेला अनेक घरांत नऊ दिवसांचे उपवास बसतात, आणि ‘आता आपोआप वजन उतरेल’ ही आशा तिथेच फसते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममागे साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यावर तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा. उपवास करायचाच असेल तर भगर, दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर आणि फळे यांवर करावा आणि खिचडी एका दिवसापुरती ठेवावी. दिवाळीचा फराळ गाळण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. अर्ध्या प्रमाणात करावा, आणि भरल्या पोटी एक चकली, एक करंजी खावी, म्हणजे ताटलीभर खाल्ली जात नाही.

खरी परीक्षा केळवणांची असते. तुळशीचे लग्न लागले की आत्या, मावशी, शेजारच्या काकू, ऑफिसातल्या मैत्रिणी अशी रांग लागते, आणि प्रत्येक पानावर पुरी, श्रीखंड किंवा बासुंदी असते. नकार देणे आपल्याकडे जमत नाही आणि द्यायलाही नको, पण आमंत्रण आले की ‘रात्रीऐवजी दुपारी येऊ का’ असे विचारता येते, आणि आठवड्याला दोनच केळवणे घेता येतात. पानावर बसल्यावर पहिले वाढप हळूहळू खावे. ज्याचे ताट लवकर रिकामे होते, आग्रह त्यालाच होतो. त्या दिवशी रात्री ताक आणि भाजी एवढ्यावर भागवावे, पण दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नये.

चेहऱ्यासाठी घ्यायच्या वस्तू तीनच आहेत: सौम्य साबण किंवा फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० चे सनस्क्रीन. टाचांना रात्री पेट्रोलियम जेली लावून मोजे घातले, तर महिन्याभरात भेगा बऱ्याच भरून येतात. चेहऱ्यावर लिंबू चोळू नये. त्याने त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग पडू शकतात. औषधाच्या दुकानात कोणी ‘गोरे करणारी’ ट्यूब पुढे केली, तर तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे शब्द आहेत का ते पाहावे. ही स्टिरॉइडे आहेत. महिनाभर चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे उठतात आणि मलम सोडणेही अवघड होते. नाव-पत्ता नसलेल्या डबीत पारा असू शकतो, आणि तो मूत्रपिंडांना अपाय करतो. गोरेपणाचा हा सोसच मुळात यादीतून वगळला, तर निम्मा खर्च वाचतो. पार्लरमध्ये नवे काहीही करून घ्यायचे असेल तर निदान तीन आठवडे आधी करावे. लग्नाच्या आठवड्यात फक्त ओळखीचे आणि सोसलेले. केसांचा रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी कोपराच्या आत थेंबभर लावून पाहावा. तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदी घेऊ नये, कारण तिच्यात केसांच्या रंगातलाच रासायनिक पदार्थ मिसळलेला असतो आणि हातावर फोड उठलेली नवरी पाहणे फार वाईट.

दातांची सफाई कार्तिकात उरकून घ्यावी. स्केलिंगने दात हलतात हा समज चुकीचा आहे. साचलेला थर निघाल्यावर आधीच सैल झालेला दात जाणवतो, इतकेच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि तिथे हे काम खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळच स्वस्तात होते, फक्त अर्ध्या दिवसाची रजा हाताशी ठेवावी लागते.

शिवणकाम शेवटच्या पंधरवड्यासाठी राखावे, नवे कपडे घेण्याआधी कपाट उपसावे आणि प्रत्येक जुना ब्लाउज उलटा करून पाहावा. चांगल्या शिंप्याने बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवलेली असते. ती असेल तर ब्लाउज सैल करता येतो, आणि आत घ्यायचा तर कोणताही येतो. आत घेताना जास्तीचे कापड कापू देऊ नये, नुसती टीप मारून घ्यावी, कारण लग्नानंतर दोन किलो परत आले तर ती माया उपयोगी पडते. पैठणीच्या घड्या आधीच मोडून, उलट बाजूने घालून, सावलीत वारा द्यावा आणि जरीचे काठ काळे पडले आहेत का ते दिवसाच्या उजेडात पाहावे. फॉल उसवला असेल तर तो या पंधरवड्याची वाट न पाहता आधीच बसवून घ्यावा, कारण लग्नसराईत पिको-फॉलवाल्या बाई पंधरा दिवस मागे असतात. पुरुषांच्या सुटाच्या पँटला मागच्या शिवणीत माया असते, कोटाला मात्र फारशी नसते, म्हणून काकांनी पोटाची आशा ठेवण्यापेक्षा कोट लवकर अंगात घालून पाहावा. ब्लाउज परत आला की तो अंगात घालून आरशासमोर नुसते उभे राहू नये. पाटावर मांडी घालून बसावे, वाकून नमस्कार करावा, आणि मुठीत अक्षता धरल्यासारखा हात डोक्यावर नेऊन पाहावा, आणि काखेत टीप ओढली जात असेल तर त्याच संध्याकाळी शिंप्याकडे परत न्यावा.